एका गाण्याच्या दोन फायली

सीडीवरचं गाणं संगणकावर घेतलं आणि खिशातल्या प्लेयरमध्ये मावावं म्हणून त्याचं एमपी३ केलं, की यादीत एकाच नावाची दोन गाणी दिसतात. ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी बघता बघता ११२ होतात. आयट्यून्ससारखा प्रोग्रॅम रूपांतर करताना मूळ फाइल पुसत नाही, नवी शेजारी ठेवतो. हे शहाणपणाचंच आहे. घोळ होतो तो आपण आवराआवर करायला बसतो तेव्हा.

या दोन फायली जुळ्या नव्हेत. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तेही दोन वाहिन्यांवर. चार मिनिटांचं गाणं सुमारे ४२ एमबी भरतं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये चार एमबीच्या आत येतं. मोठ्या स्वराच्या जवळच्या कंपनसंख्येचा बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही; थापेच्या लगेच मागचा नाजूक आवाजही तिच्याखाली दबतो. असे भाग एमपी३ ढोबळपणे नोंदवतं किंवा सोडूनच देतं. सोडलेलं परत मिळत नाही. १२८ची फाइल ३२०वर नेली तर आकार वाढतो, आवाज सुधारत नाही. एमपी३वरून एएसी केलं तर आधीच्या काटछाटीवर दुसरी काटछाट होते. फ्लॅक आणि अ‍ॅपल लॉसलेस या स्वरूपांचं तसं नाही: फाइल लहान होते, पण उलगडली की बिटनबिट मूळ आवाज मिळतो.

मग संगणकाला दुबार गाणी शोधायला सांगावं? आयट्यून्स त्यासाठी नाव आणि कलाकार पाहतं, त्यामुळे मैफलीतलं आणि स्टुडिओतलं गाणंही दुबार ठरतं. उलट रोमन लिपीत ‘श्री’ दोन तऱ्हांनी लिहिलं असेल, तर खरी दुबार फाइल निसटते. फायलींचे चेकसम ताडून पाहण्याचा इथे उपयोग नाही. स्वरूप बदललं की फायलीतले बाइटच बदलतात. त्यापेक्षा क्रोमाप्रिंटची रीत बरी. ते गाण्यातल्या बारा स्वरांचा चढउतार मोजून ठसा काढतं, आणि तो एमपी३ व फ्लॅकमध्ये जवळजवळ सारखा येतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा मोफत प्रोग्रॅम तोच वापरतो.

मात्र दोघींतली अस्सल कोणती, हे ठसा सांगत नाही. बिटरेटवरही विसंबू नका. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये गाण्याचा स्पेक्ट्रोग्रॅम पाहा: ३२०च्या फायलीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचं सगळं एकदम कापलेलं दिसलं, तर ती बहुधा हलक्या फायलीपासून फुगवलेली आहे.

खरं तर दुबार फाइल तयारच होऊ न देणं सोपं. आयट्यून्समध्ये आयपॉड जोडल्यावर जास्त बिटरेटची गाणी एएसीत बदलून पाठवण्याचा पर्याय असतो. छोटी प्रत थेट प्लेयरवर जाते, संग्रहात येत नाही. दुसरा प्लेयर असेल तर छोट्या प्रतींचा फोल्डर वेगळा ठेवा आणि तो संगीताच्या यादीला जोडू नका. जागा कमी पडली तर तोच पुसा. मूळ फायलींवरून त्या प्रती पुन्हा करता येतात.