हायगेटचा व्हॅम्पायर कुणी जन्माला घातला?

झपाटलेल्या जागा : लेखांक ५

६ फेब्रुवारी १९७० रोजी ‘हॅम्पस्टेड अँड हायगेट एक्सप्रेस’ या उत्तर लंडनच्या साप्ताहिकात, वाचकांच्या पत्रांमध्ये एक छोटं पत्र छापून आलं. लिहिणारा डेव्हिड फॅरंट नावाचा तरुण. स्वेन्स लेनवरून रात्री जाताना हायगेट दफनभूमीच्या फाटकाआड आपल्याला तीनदा भुतासारखी आकृती दिसली, आणखी कुणाला असा अनुभव आला आहे का, अशी त्याची विचारणा होती.

पुढच्या अंकांत उत्तरं येऊ लागली. कुणाला टोपी घातलेला उंच माणूस दिसला होता, कुणाला सायकलवरचं भूत, कुणाला पांढऱ्या कपड्यांतली बाई, कुणाला गजांमधून रोखून पाहणारा चेहरा. एकाने आकृती तळ्यात शिरताना पाहिली होती, तर कुणी नुसता घंटांचा आवाज ऐकला होता. आपल्याकडे भुताचा तपशील ठरलेला असतो. मुंजा पिंपळावर, हडळीची पावलं उलटी, समंध पुरलेल्या धनावर. गावात दहा जणांना विचारलं तरी गोष्ट फारशी हलत नाही. हायगेटमध्ये मात्र जवळपास प्रत्येक पत्रातलं भूत निराळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली दंतकथा अशी नसते. हे भूत अजून घडत होतं, आणि ते कसं घडलं याची तारीखवार छापील नोंद आपल्यापाशी आहे. या लेखमालेत हायगेटला स्वतंत्र लेखांक दिला तो म्हणूनच.

हायगेट हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली सुरू केलेलं ‘इंडिया हाऊस’ इथल्याच क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर होतं आणि १९०६ साली बॅरिस्टर होण्यासाठी गेलेले सावरकर तिथेच राहत. दफनभूमी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण सावरकरांच्या काळातली दफनभूमी आणि १९७० मधली दफनभूमी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. व्हॅम्पायरचा जन्म समजून घ्यायचा, तर आधी हा फरक कसा पडला ते पाहायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनची वस्ती सुमारे १० लाख होती. शतकाच्या मध्यापर्यंत ती दुपटीच्याही पुढे गेली. प्रेतं पुरायला जागा मात्र तीच, चर्चच्या आवारातली. नवं प्रेत आलं की जुनी हाडं उकरून बाजूला सारायची, अशी वेळ आली होती. जॉर्ज वॉकर या शल्यविशारदाने १८३९ मध्ये या आवारांचं अंगावर काटा आणणारं वर्णन प्रसिद्ध केलं. दरम्यान पार्लमेंटने खासगी कंपन्यांना शहराच्या कडेला दफनभूम्या काढायची परवानगी दिली होती आणि अशा सात मोठ्या दफनभूम्या उभ्या राहिल्या. हायगेट ही त्यांतली तिसरी. लंडन सिमेटरी कंपनीने टेकडीच्या उतारावरची १७ एकर जमीन ३,५०० पौंडांना घेतली. स्टीफन गिअरी या वास्तुविशारदाने आराखडा केला आणि २० मे १८३९ रोजी लंडनच्या बिशपच्या हस्ते तिचा पवित्रीकरण विधी झाला.

कंपनीला नफा हवा होता आणि श्रीमंतांना मेल्यावरही रुबाब. त्यातून इजिप्शियन ॲव्हेन्यू हा इजिप्तच्या मंदिरांची आठवण करून देणारा मार्ग तयार झाला. आधीपासून उभ्या असलेल्या लेबनॉनी देवदाराभोवती गोलाकार तळघरं बांधली गेली. टेकडीवरून लंडन दिसायचं, माणसं मुद्दाम फिरायला यायची. मायकेल फॅरडे, जॉर्ज इलियट अशी नामवंत मंडळी इथे चिरनिद्रा घेत आहेत. १८५० च्या दशकात रस्त्यापलीकडे जमीन घेऊन पूर्व विभाग काढला गेला. कार्ल मार्क्सला १८८३ मध्ये पुरलं ते त्याच बाजूला. भरभराटीच्या काळात कंपनीच्या पदरी २८ पर्यंत माळी होते.

भुताखेतांना हवी ती सामग्री या चांगल्या दिवसांतही भरपूर होती. चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेट्टीची बायको एलिझाबेथ सिडल १८६२ मध्ये अफूच्या अर्काची मात्रा जास्त होऊन गेली. दुःखाच्या भरात रोझेट्टीने स्वतःच्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. सात वर्षांनी संग्रह काढायचा झाला आणि वही आठवली. सरकारी परवानगी घेऊन १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये रात्री कबर उकरली. रोझेट्टी स्वतः हजर नव्हता. त्याचा मित्र चार्ल्स हॉवेल परतला तो सांगत की, एलिझाबेथचं रूप जसंच्या तसं आहे आणि तिचे तांबूस केस वाढून पेटी भरून गेली आहे. मेल्यावर केस वाढत नाहीत. कातडी आक्रसते, म्हणून ते लांब भासतात इतकंच. शिवाय हॉवेल रंगवून सांगण्याबद्दल मित्रांत प्रसिद्धच होता. पण गोष्ट टिकली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधल्या ‘ड्रॅक्युला’त थडग्यातही देखणी राहिलेली ल्यूसी भेटते, तेव्हा अनेकांना सिडल आठवते. कादंबरीत हायगेट दफनभूमीचं नाव मात्र नाही.

दुसरी शवपेटी उघडली ती कोर्टकज्ज्यापायी. टॉमस चार्ल्स ड्रूस हा बेकर स्ट्रीटचा बडा दुकानदार १८६४ मध्ये वारला आणि हायगेटला पुरला गेला. तीसेक वर्षांनी त्याच्या सुनेने दावा केला की, सासरा म्हणजे पोर्टलंडचा पाचवा ड्यूकच होता. हा ड्यूक अत्यंत एकलकोंडा, स्वतःच्या इस्टेटीखाली भुयारं खोदून घेणारा. त्याने दुकानदाराचं सोंग घेतलं, मग कंटाळून खोटा मृत्यू घडवला आणि पेटीत प्रेताऐवजी शिसं भरलं, असं तिचं म्हणणं. प्रश्न ड्यूकच्या अफाट इस्टेटीचा असल्याने खटले चालत राहिले आणि शिसं भरताना आपण हजर होतो असं शपथेवर सांगणारा साक्षीदारही निघाला. अखेर ३० डिसेंबर १९०७ रोजी थडगं उघडलं. आत दाढीवाल्या म्हाताऱ्याचं प्रेत होतं, ड्रूसचंच. दावा कोसळला आणि खोट्या साक्षीबद्दल दोन साक्षीदार बायकांना शिक्षा झाली. अर्ध्या मैलावरचं इंडिया हाऊस तेव्हा ऐन भरात होतं.

मध्यरात्री उकरलेली कबर, न कुजलेली सुंदरी, पेटीत माणूस आहे की शिसं याचा वाद. एवढं असूनही यातून व्हॅम्पायर उपजला नाही. फाटकावर माणूस होता, वाटा झाडलेल्या होत्या आणि उघडलेली पेटी त्याच व्यवस्थेने बंद करून टाकली होती.

मग पैसा आटला. कबरीची जागा कायमची विकायची आणि त्याच पैशांवर रोजचा खर्च भागवायचा, असा या कंपन्यांचा हिशेब होता. बिल्डरने सगळे फ्लॅट विकावेत आणि मेंटेनन्सचा निधीच ठेवू नये, तसला हा प्रकार. जागा शिल्लक होती तोवर निभावलं. पहिल्या महायुद्धात माळी सैन्यात गेले. थाटामाटाच्या अंत्ययात्रांची हौस ओसरली. दहन वाढत गेलं आणि १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच पुरण्यापेक्षा जाळण्याचं प्रमाण जास्त झालं. १९६० मध्ये डबघाईला आलेली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पण हालत सुधारली नाही. आपोआप रुजलेल्या सायकॅमोरच्या झाडांनी थडगी उचकटली, आयव्हीच्या वेलींनी देवदूतांचे पुतळे गिळले, तळघरांची दारं मोडली. पोरंटोरं रात्री भिंतीवरून आत उतरू लागली. हॅमर कंपनीला भयपटासाठी ही जागा आयतीच मिळाली आणि १९७० साली पडद्यावर आलेल्या त्यांच्या एका ड्रॅक्युलापटात हायगेटच दिसतं.

फॅरंटचं पत्र आलं ते या वातावरणात. त्याने ‘व्हॅम्पायर’ म्हटलं नव्हतं. तो शब्द शॉन मँचेस्टर या दुसऱ्या भूतशोधकाकडून आला. २७ फेब्रुवारीला त्याच साप्ताहिकाने त्याचं म्हणणं ठळकपणे छापलं. वॅलेकियाचा एक मध्ययुगीन सरदार अठराव्या शतकात शवपेटीतून इंग्लंडला आणला गेला, आता सैतानपूजकांनी त्याला जागं केलं आहे, वगैरे. सरदार, वॅलेकिया, पेटीतून प्रवास, इंग्लंडमधलं घर, सगळा सांगाडा ड्रॅक्युलाचा. पत्रांमधल्या टोपीवाल्याला आणि सायकलस्वाराला एका झटक्यात एकच चेहरा मिळाला. दफनभूमीत मेलेले कोल्हे सापडतात, हीही मग व्हॅम्पायरची खूण ठरली.

१३ मार्च १९७०, शुक्रवार. पाश्चात्त्यांच्या लेखी अशुभ असलेला नेमका दिवस. संध्याकाळी आयटीव्ही वाहिनीवर दोघांच्या मुलाखती दाखवल्या गेल्या आणि काही तासांत लंडनभरातून जमलेला जमाव पोलिसांना न जुमानता भिंती चढून आत घुसला. व्हॅम्पायर कुणाला सापडला नाही. पण ऑगस्टमध्ये तळघरांजवळ एका बाईचं जुनं प्रेत मिळालं, शीर तोडलेलं आणि जाळलेलं. व्हॅम्पायर संपवायची कादंबऱ्या-सिनेमांतली रीत कुणीतरी खऱ्या प्रेतावर वापरली होती. त्याच महिन्यात फॅरंट दफनभूमीशेजारी क्रूस आणि लाकडी खुंट्यासह पकडला गेला, कोर्टाने सोडलं. १९७४ मध्ये मात्र स्मारकांची नासधूस आणि प्रेतांची विटंबना यांबद्दल त्याला तुरुंगवास झाला. आपण हे केलं नाही, असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. मँचेस्टरशी त्याचं वैर तर दशकानुदशकं चाललं. १९७३ मध्ये दोघांच्या मांत्रिक द्वंद्वाची घोषणाही गाजली, प्रत्यक्षात ते झालंच नाही.

बिल एलिस या अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासकाने हे प्रकरण तपासलं. दंतकथा नुसती सांगितली जात नाही, ती करूनही पाहिली जाते, हा त्यातला कळीचा मुद्दा. भीतीच्या जागी रात्री जायचं, गोष्ट खरी का ते अजमावायचं, हा पोरांचा खेळ जगभर चालतो. हायगेटमध्ये वर्तमानपत्र आणि टीव्ही त्यात उतरले आणि खेळाला व्हॅम्पायर मारण्याची मोहीम हे रूप आलं. म्हणजे फोडलेली थडगी भुताचा पुरावा म्हणून दाखवली जात होती आणि त्यांतली कित्येक भूत शोधणाऱ्यांनीच फोडली होती.

१९७५ मध्ये पैसे पुरते संपले आणि पश्चिम विभागाची फाटकं बंद झाली. त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ हायगेट सिमेटरी’ ही हौशी नागरिकांची संस्था स्थापन झाली आणि १९८१ मध्ये दफनभूमीची मालकी तिच्या बाजूने आली. त्यांनी वाटा मोकळ्या केल्या, पडझड सावरली, पण रान मुद्दामच पूर्ण साफ केलं नाही. आता तिकीट काढून आत जाता येतं. सुमारे ५३,००० कबरींमध्ये १ लाख ७० हजारांच्या आसपास माणसं इथे आहेत आणि दफनही चालू आहे. विषबाधेने मेलेल्या अलेक्झांडर लिटविनेन्कोला २००६ मध्ये शिशाचं अस्तर दिलेल्या पेटीत इथेच पुरलं. गोलाकार तळघरांमधला देवदार बुरशीने पोखरला म्हणून २०१९ मध्ये काढावा लागला. आणि ज्या ‘कायमच्या’ विक्रीने दिवाळं काढलं, तिच्यावरही उपाय निघाला. २०२२ च्या हायगेट सिमेटरी कायद्याने वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या कबरींचा, वारसांना नोटीस देऊन, फेरवापर करता येतो.

हायगेटचा हिशेब असा सरळ आहे. प्रेतं १८३९ पासून होती, भूत आलं ते राखणदार गेल्यावर. पुढच्या आठवड्यात एडिंबरोचं ग्रेफ्रायर्स. तिथे १६९१ मध्ये मेलेल्या जॉर्ज मॅकेन्झी या सरकारी वकिलाच्या भुताने गेल्या पंचवीसेक वर्षांत रात्रीच्या सहलींचा चांगला धंदा उभा करून दिला आहे. हायगेटला पैसे संपल्यावर भूत आलं, ग्रेफ्रायर्सला भूत आल्यावर पैसे आले. ते कसे, हे लेखांक ६ मध्ये.