आभाळावरून आपटून येणारी शाळा

१९१७ साल. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातलं हॉल्स क्रीक हे इवलंसं गाव. गुरं हाकताना घोड्यावरून पडलेल्या एका तरुणाला पोटात जबर इजा झालेली. आसपास डॉक्टर नाही. गावात तारेचं यंत्र होतं आणि थोडंफार प्रथमोपचार शिकलेला पोस्टमास्तर. त्यानं सुमारे दोन हजार किलोमीटर दूरच्या पर्थमधल्या डॉक्टरला मोर्सच्या कडकट्टात प्रश्न विचारले, त्याच कडकट्टात उत्तरं आली आणि पोस्टमास्तरनं खिशातल्या चाकूनं चक्क शस्त्रक्रिया केली! डॉक्टर जहाज, मोटार, घोडागाडी असं करत पोचला, तेव्हा त्या तरुणाला जाऊन एक दिवस झाला होता.

ही गोष्ट शाळेची कशी? अगदी सरळ आहे. त्या वैराण प्रदेशात तारेवरून दिलेला तो एक धडाच होता, जीव वाचवण्याचा. चौतीस वर्षांनी याच देशात एक शाळा सुरू झाली. तिला वर्ग नव्हता, घंटा नव्हती, पटांगण नव्हतं. मधल्या काळात जे घडलं, ते मला शाळेइतकंच नवलाचं वाटतं.

आधी त्या मुलुखाचा अंदाज घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी हजारो चौरस किलोमीटरची एकेक गुरांची कुरणं. एका कुरणावर एक घर, चार-दोन कामगार आणि मालकाची मुलं. शेजारी म्हणजे शंभर किलोमीटरवरचं दुसरं घर. शाळा काढायची तर कुठे? कुठेही काढली, तरी ती बहुतेक मुलांना लांबच पडणार. मग पोस्टानं पाठ पाठवायची पद्धत आली. पण मुलानं केलेलं गणित चुकलं, हे त्याला कळायचं कित्येक आठवड्यांनी. तोवर ते गणित कोणाच्या लक्षात राहणार?

यावरचं उत्तर आलं ते डॉक्टरच्या वाटेनं. हॉल्स क्रीकच्या घटनेनं जॉन फ्लिन हा धर्मोपदेशक हलून गेला होता. डॉक्टरला विमानात बसवायचं, हा त्याचा ध्यास. १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून पहिली फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू झाली. पण विमान असून भागतं का? बोलवायचं कसं? कुरणावर वीज नाही, टेलिफोन नाही, आणि त्या काळच्या रेडिओच्या बॅटऱ्या अवजड.

इथे अॅडलेडचा एक इंजिनिअर, आल्फ्रेड ट्रेगर, पुढे येतो. त्यानं हातानं फिरवायचं जनित्र करून पाहिलं, तर नवी अडचण: एक हात दांडा फिरवण्यात अडकला, तर संदेश नीट पाठवायचा कसा? मग त्यानं सायकलची पेडल लावली. पायानं वीज, हातानं संदेश! बसल्या बसल्या पाय मारले की सुमारे वीस वॅट वीज मिळायची. आज घरातला एक एलईडी दिवा याच्या निम्म्यात जळतो; पण तेवढ्यावर संदेश शेकडो किलोमीटर जायचा. लोकांना मोर्स येईना, म्हणून ट्रेगरनं टाइपरायटरसारखा कळफलक बनवला: ‘ए’ दाबा, यंत्र स्वतःच ‘ए’चे टिंब-रेघ पाठवील. पुढे थेट बोलताही येऊ लागलं.

आणि बोलणं सुरू झाल्यावर माणसं थांबतात होय? डॉक्टरचं काम उरकलं की कुरणांवरच्या बायका त्याच लहरीवर गप्पा मारायच्या. तिकडच्या कलकलाट करणाऱ्या गुलाबी काकाकुव्याच्या नावावरून या गप्पांना ‘गलाह सेशन’ म्हणू लागले. जीव वाचवण्यासाठी बांधलेल्या जाळ्यात पाककृती, पावसाची खबर, माहेरची आठवण असं सगळं वाहू लागलं. हे कोणीही आखलेलं नव्हतं.

१९४० च्या दशकात अॅडलेड मीथके या शिक्षणतज्ज्ञ बाई, ज्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचंही काम पाहायच्या, अॅलिस स्प्रिंग्ज भागात गेल्या. परक्या माणसासमोर ही मुलं लाजून मान खाली घालतात, पण रेडिओ वापरण्यात मात्र तरबेज आहेत, हे त्यांनी टिपलं. साऱ्या घरांत यंत्र आहे, मुलांना ते येतंच. मग शाळेला अजून काय हवं? ८ जून १९५१ रोजी अॅलिस स्प्रिंग्जच्या फ्लाइंग डॉक्टर केंद्रातून ‘स्कूल ऑफ द एअर’ अधिकृतपणे सुरू झाली. सुरुवातीला शिक्षक बोलत, मुलं ऐकत. लवकरच प्रश्नोत्तरांची वेळ जोडली गेली, आणि शाळा खऱ्या अर्थानं तेव्हा जन्मली असं मी म्हणेन.

पण थांबा. पृथ्वी तर गोल आहे. सहाशे किलोमीटर पलीकडचं घर क्षितिजाच्या खाली बुडालेलं. रेडिओच्या लहरी तर सरळ जाणार. मग आवाज पोचतो कसा? वर, साधारण साठ किलोमीटरपासून काही शे किलोमीटरपर्यंत, सूर्याची अतिनील किरणं हवेतल्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. या विद्युतभारित थरात शिरलेल्या ठरावीक लहरी वळतात आणि खाली परततात. कॅरमवर समोरची सोंगटी आडवी आली, की आपण स्ट्रायकर कडेवर आपटून मागच्या सोंगटीवर आणतो ना, तसंच. फरक एवढाच की ही कड सूर्य रोज नव्यानं तयार करतो. दिवसा ती एक रूप घेते, रात्री दुसरं; म्हणून लहरींची लांबीही बदलावी लागते. म्हणजे बाईंचा ‘शुभ सकाळ’ हा शब्द आकाशात चढून, वळून, खाली उतरून मग मुलाच्या कानात पडायचा! कधी कधी शंभर किलोमीटरवरच्या मुलाला तो ऐकूच यायचा नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून जायची. सहाशे किलोमीटरवरचा मात्र स्पष्ट ऐकायचा.

वीज कडकडली की त्या वर्गात खरखर. आणि या लहरीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बोलायचं तर बटण दाबायचं, आणि ते दाबलेलं असताना दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. संपलं की ‘ओव्हर’. शिक्षिकेला कोणी हात वर केला हे दिसत नाही, कोणाचा चेहरा पडला हे कळत नाही. दोन मुलं एकदम बोलली तर आवाजांचा गुंता. म्हणून ती मुलं कमालीची शिस्तीनं वाट पाहायला शिकली, आणि शिक्षक केवळ आवाजावरून प्रत्येकाला ओळखायला शिकले. बोलण्यातला एक क्षणाचा थांबा ऐकून या मुलाला कळलेलं नाही हे ताडणं! समोर चाळीस चेहरे असूनही आपल्याला हे जमतं का?

रेडिओवरचा तास रोज फार थोडा वेळ. उरलेला दिवस? घरात एक ‘होम ट्यूटर’ लागतो, आणि बहुधा तो म्हणजे आई. नाहीतर शिकवायला ठेवलेली तरुणी. ही आई स्वयंपाक बघते, हिशेब लिहिते, गुरांच्या धावपळीत मदत करते आणि शिवाय दुसरीची भाषा आणि पाचवीचं गणित एकाच टेबलावर घेते. या शाळेचं श्रेय यंत्राला देताना लोक या आईला विसरतात, याचं मला वाईट वाटतं. शिक्षकाचा आवाज आकाशातून यायचा, पण पेन्सिल धरायला लावणारा हात तिचाच होता.

आज अॅलिस स्प्रिंग्जची ही शाळा सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे. महाराष्ट्र चार वेळा ठेवला तरी जागा उरेल. विद्यार्थी मात्र शे-सव्वाशे. ती खरखर आता गेली. उपग्रहामार्गे दृश्य येतं, मुलं एकमेकांना पाहतात. पण शिक्षक पूर्वीसारखेच अजूनही वर्षातून एकदा तरी गाडी काढून शेकडो किलोमीटर धुळीतून एकेका घरी जातात आणि तिथेच मुक्काम करतात. वर्षात काही आठवडे सगळी मुलं शहरात एकत्र येतात. एरवी ज्याला रांगेत उभं राहायची, डबा वाटून खायची, खेळात हरायची सवयच नाही, अशा मुलाला त्या आठवड्यात वाचन-गणितापेक्षा हेच जास्त कठीण जातं.

आणि बारा-तेराव्या वर्षी खरी कसोटी येते. पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक मुलं दूरच्या शहरातल्या वसतिगृहात जातात. ज्याचं सगळं बालपण क्षितिजापर्यंत मोकळ्या जमिनीवर गेलं, त्याला चार भिंती आणि पंचवीस अनोळखी मुलांच्या मधोमध बसायचं असतं. अशा कुटुंबांतल्या पालकांनी १९७१ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या बर्क इथे एकत्र येऊन संघटना काढली. वसतिगृहाचा खर्च, प्रवास, दूरशिक्षणाची साधनं यांसाठी ती सरकारशी आजही झगडते आहे.