अ‍ॅनिमेशन करताना : ग्राफिक की मूव्ही क्लिप?



मंडळातील एका दिवंगत आजींच्या आवाजातली गोष्ट आमच्याकडे ध्वनिमुद्रित होती. गणेशोत्सवात तिचा छोटा कार्टूनपट दाखवायचे ठरले. मुलांनी अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट घेतले (२०१६ पर्यंत हेच फ्लॅश). आम्ही निवृत्त मंडळी मदतीला बसलो आणि पहिली चूक आम्हीच केली.

चित्र निवडून एफ८ दाबले की त्याचे सिम्बॉल होते. प्रकार तीन : मूव्ही क्लिप, ग्राफिक आणि बटण. बटण क्लिक करण्यासाठी असते, गोष्टीत त्याचे काम नाही. आम्ही सरसकट मूव्ही क्लिप निवडले.

मूव्ही क्लिपचे घड्याळ स्वतंत्र असते. समईच्या ज्योतीला ते उत्तम. मुख्य टाइमलाइनवर एकच फ्रेम असली तरी ज्योत आपली हलत राहते. पण आजींचे तोंडही तसेच केले होते. टाइमलाइन पुढे-मागे सरकवली तर ओठ मिटलेलेच. कंट्रोल-एंटर दाबून पाहिले तर तोंड हलायचे, पण आवाजाशी मेळ नाही.

ग्राफिकचे फ्रेम मुख्य टाइमलाइनबरोबर चालतात. कोणत्या क्षणी आतला कोणता फ्रेम दिसावा हे आपण ठरवतो. म्हणून 'आ'चे उघडे तोंड, 'ओ'चा गोल, 'प-ब-म'चे मिटलेले ओठ अशी चित्रे एकाच ग्राफिकमध्ये ठेवायची आणि शब्दाप्रमाणे सिंगल फ्रेम निवडत जायचे. आवाजाचा सिंक मात्र 'स्ट्रीम' ठेवा, म्हणजे टाइमलाइन सरकवताना तो ऐकू येतो.

आम्ही लायब्ररीत जाऊन प्रकार बदलला, तरी पडद्यावरचे तोंड जसेच्या तसे! बँकेतल्यांना हे लगेच कळेल : व्याजदर आज बदलला म्हणून जुन्या मुदतठेवीचा दर बदलत नाही. आधी ठेवलेली प्रत निवडून प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये तिचा प्रकार वेगळा बदलावा लागतो. चित्रातली दुरुस्ती मात्र सगळ्या प्रतींना एकदमच लागू होते.

दोन संध्याकाळी गेल्या. आजी 'बाळांनो' म्हणतात तिथे 'ब'ला ओठ नेमके मिटले, तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "तेवढंच परत एकदा लावा."