जुना पीएचपी कोड आणि न बोलणाऱ्या चुका

‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ जुन्या पीएचपी वेबसाइटबद्दल हा सल्ला हमखास मिळतो. कोड आपोआप बिघडत नाही हे खरंच. पण त्याच्या खालची जमीन सरकते. पीएचपी 5.6 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं 31 डिसेंबर 2018 ला थांबलं. त्यानंतर सापडलेली भोकं मूळ प्रकल्पाने बुजवलेली नाहीत.

दुसरं टोक म्हणजे ‘सगळं नव्याने लिहू’. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने ते करून पाहिलं. चौथी आवृत्ती 1997 ची, पाचवी आलीच नाही, सहावी उजाडली 2000 च्या नोव्हेंबरात. विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला तोवर मैदान मोकळं. शिवाय नव्याने लिहिताना जुनी शहाणपणं हरवतात: जुन्या कोडमधली विचित्र अट बहुधा कुणाच्या तरी तक्रारीवर लावलेलं ठिगळ असते. ती पुसली की तक्रार परत येते. म्हणून एकेक पान बदलत जावं.

‘जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स काढून मायएसक्यूएलआय घातलं, आता कोड सुरक्षित.’ नाही. जुनी फंक्शन्स 2015 च्या पीएचपी 7 मधून हद्दपार झाली, म्हणून ती बदलावी लागतातच. पण फॉर्ममध्ये आलेला मजकूर क्वेरीत तसाच चिकटवत राहिलात, तर एसक्यूएल इंजेक्शनची वाट पूर्वीइतकीच उघडी. क्वेरीचा साचा वेगळा आणि माहिती वेगळी पाठवणारी ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ हवीत.

सगळ्यात फसवा समज: एरर दिसत नाही, म्हणजे काम फत्ते. गायब झालेलं फंक्शन निदान आरडाओरडा करतं. पण फॉर्ममधली रिकामी चौकट आणि 0 यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली, तर पीएचपी 7 त्यांना सारखंच मानत असे. 2020 च्या पीएचपी 8 पासून ती वेगळी ठरतात. पान उघडतं, एरर नाही, फक्त हिशेब दुसऱ्या वाटेने जातो. आवृत्ती चढवण्याआधी चाचण्या लिहायच्या त्या यासाठी.

मराठी साइटवर आणखी एक गंमत. ‘मराठी’ या शब्दाची लांबी ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन 15 सांगतं, कारण ते यूटीएफ-8 चे बाइट मोजतं. बाइट मोजून मथळा कापला की शेवटी फुटकं अक्षर. त्याऐवजी ‘एमबी’ने (मल्टिबाइट) सुरू होणारं फंक्शन लावलं की अक्षरं आणि काना-वेलांटी धरून 5 खुणा मोजल्या जातात, फुटकं अक्षरही जातं; पण चौथ्या खुणेवर कापलंत, तर उरतं ‘मराठ’.