आरंभीच्या सूचना कोणाच्या हाती?

संगणक सुरू होताना लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, काही गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात: मूळ फाइलप्रणाली कोणत्या डिस्कच्या कोणत्या विभागावर आहे, संदेश पडद्यावर दाखवायचे की सिरियल पोर्टवर पाठवायचे, सर्वांत आधी कोणता प्रोग्रॅम चालवायचा. या सूचनांच्या ओळीला कमांड लाइन म्हणतात, आणि ती बहुधा बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून त्याच्याकडे सूत्रे सोपवणारा छोटा प्रोग्रॅम, पुरवतो. हीच ओळ कर्नल बांधतानाच त्याच्या आत भरून ठेवता येते. सोय वरकरणी किरकोळ असली, तरी सूचना बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहील हे तिच्यावरून ठरते, आणि म्हणूनच ती केवळ तंत्रज्ञांपुरती बाब राहत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 0.01 या आवृत्तीत निवडीला वाव जवळजवळ नव्हता. मूळ विभाग आणि डिस्कचा प्रकार सोर्स कोडमध्येच लिहिलेले होते, कीबोर्ड फिनिश मांडणीचा धरलेला होता, आणि यातले काही बदलायचे तर कोड दुरुस्त करून कर्नल पुन्हा बांधावा लागे. पुढे मूळ विभागाचा क्रमांक कर्नलच्या पहिल्या 512 बाइटांपैकी 508 आणि 509 या स्थानी ठेवला जाऊ लागला व ‘आरडेव्ह’ या कमांडने तो तयार कर्नलमध्येच बदलता येऊ लागला. लिलो आणि नंतर ग्रब या बूटलोडरांनी सूचना बाहेर आणल्या, त्यामुळे डेबियन किंवा फेडोरासारख्या लिनक्स वितरणांना एकच बांधलेला कर्नल नानाविध यंत्रांसाठी देणे सोपे झाले.

तरीही सूचना आत ठेवण्याची गरज संपली नाही. अनेक एम्बेडेड उपकरणांतील बूटलोडर कारखान्यातच पक्का केलेला असतो आणि त्याने दिलेली ओळ चुकीची असली तरी ती बदलता येत नाही. शिवाय 2012 मधील 3.3 या आवृत्तीपासून यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीच बसवलेले आरंभीचे सॉफ्टवेअर, कर्नलला बूटलोडरशिवाय थेट सुरू करू शकते, पण काही फर्मवेअर त्या वेळी सूचना नीट पोहोचवत नाहीत.

आतली आणि बाहेरची ओळ एकत्र आल्यावर काय घडते, हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग होय. इंटेल घराण्यातील प्रोसेसरांवर आतली ओळ आधी आणि बूटलोडरची ओळ तिच्यामागे जोडली जाते, त्यामुळे एकाच सूचनेची दोन मूल्ये आल्यास सहसा नंतरचे, म्हणजे बाहेरचे, टिकते. मात्र कन्सोलची सूचना दोनदा आली तर दोन्ही कन्सोल चालू राहू शकतात. बाहेरची ओळ पूर्णपणे नाकारण्याचा पर्यायही बांधणीत निवडता येतो. 32-बिट आर्म प्रोसेसरांवर मात्र मूळ निवड वेगळी आहे: तेथे आतली ओळ बूटलोडरने काहीच दिले नाही तरच वापरली जाते. हा भेद लक्षात न घेता एका यंत्रावरची बांधणी दुसऱ्यावर नेणाऱ्याची बरीच फसगत होते.

बाहेरची ओळ नाकारण्यामागे सुरक्षेचे भक्कम कारण आहे. ग्रबला पासवर्ड नसेल आणि डिस्क कूटबद्ध नसेल, तर यंत्रासमोर बसलेला कोणीही पहिला प्रोग्रॅम म्हणून शेल, म्हणजे कमांड स्वीकारणारा प्रोग्रॅम, सुरू करण्याची सूचना देऊन पासवर्डाविना सर्वाधिकार मिळवू शकतो. कर्नलवरची डिजिटल सही तपासली गेली तरी ही फट उरते, कारण सही कर्नलवर असते, बाहेरच्या ओळीवर नसते. म्हणूनच सिस्टमडी या प्रणाली-व्यवस्थापकाच्या एकत्रित कर्नल प्रतिमेत ओळही सहीखाली येते आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच प्रोग्रॅम सुरू करणारी फर्मवेअरची सोय, चालू असताना बाहेरून दिलेली ओळ दुर्लक्षिली जाते. आत ठेवलेली ओळ गुप्त मात्र राहत नाही. चालू प्रणालीत ती सामान्य वापरकर्त्यालाही सहसा वाचता येते, त्यामुळे तिच्यात पासवर्ड ठेवणे सर्वथा अयोग्य.

या संरक्षणाची किंमत मालकाला मोजावी लागते. डिस्कची मांडणी बदलली की आतला मूळ विभागाचा उल्लेख निरुपयोगी होतो आणि यंत्र सुरूच होत नाही. सही करण्याची किल्ली उत्पादकाकडेच असेल, तर मालकाला दुरुस्त केलेला कर्नलही चालवता येत नाही. सूचना आत पक्क्या करणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने सहीचा दुसरा, बचावासाठीचा कर्नल उपकरणात ठेवलाच पाहिजे आणि मालकाला स्वतःची किल्ली नोंदवण्याची मुभाही दिली पाहिजे.