के२-१८बीच्या हवेत काय आहे?

सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर, एका लालसर खुज्या ताऱ्याभोवती के२-१८बी हा ग्रह ३३ दिवसांत एक फेरी मारतो. मग इतक्या दूरची हवा तपासतात कशी?

ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणाच्या कडेतून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्यामुळे वर्णपटात कुठे घट आहे ते पाहून वायू ओळखायचा. घट मात्र अतिसूक्ष्म, आणि फसगत ठरलेली. २०१९मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून इथे पाण्याची वाफ सापडल्याचा गाजावाजा झाला. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने पाहिले तेव्हा ठळक निघाला तो मिथेन!

एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइडच्या किंवा त्याच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या रेणूच्या खुणा मिळाल्याचे सांगितले. पृथ्वीवर डायमिथाइल सल्फाइड मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होते, म्हणून बातम्यांना उधाण आले. पण संख्याशास्त्रीय खात्रीच्या मापात पुरावा ‘तीन सिग्मा’चा होता, शोध म्हणायला पाच लागतात. इतरांनी तीच निरीक्षणे वेगळ्या पद्धतीने तपासली, तर संकेत विरून गेला. शिवाय हा रेणू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, आणि तिथे जीव आहेत असे कोणी म्हणत नाही.

जीवाची खूण म्हणून एकट्या वायूपेक्षा जोडी मला जास्त विश्वासाची वाटते. ऑक्सिजन आणि मिथेन एकमेकांना संपवतात. दोन्ही भरपूर दिसले, तर कुणीतरी ते सतत पुरवत असले पाहिजे.