घराची दुरुस्ती : आधी पाणी अडवा, मग फरशी निवडा
कर्जत-खालापुरात पैसे नेमके कुठे वाचतात?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत घराचे काम काढले की पहिली चर्चा होते ती फरशी, किचन ओटा आणि पीओपीची. पहिला पावसाळा सरला की बोलणे ओल, पोपडे आणि गळतीवर येते. रायगडमध्ये वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे दोन्ही तालुके तर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. म्हणून इथे ‘स्वस्त काय घ्यायचे’ यापेक्षा ‘आधी काय करायचे’ यावर बजेट ठरते.

गणपतीआधीचा रंग

गणपती येणार म्हणून श्रावणात भिंती रंगवायच्या, ही अनेक घरांतली सवय. खिशाला सर्वांत महाग पडणारी हीच. भिंत ओली असताना पुट्टी आणि इमल्शन चढवले की आतल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. रंग फुगतो आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. म्हणजे एका रंगाचे पैसे दोनदा. मखराच्या खोलीला तेवढ्यापुरता चुन्याचा हात द्यावा. चुना ओल अडवून धरत नाही. खरा रंग भिंती वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावा.

ओल आली कुठून, हे आधी शोधावे. त्यासाठी भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतूनच येते आहे. मग आतून ‘डॅम्प-प्रूफ’ रंग लावून उपयोग नाही. बाहेरच्या प्लास्टरमधल्या भेगा, छताचा उतार, जोत्याशी साचणारे पाणी यांकडे पाहावे लागते.

कौले फेकण्याआधी

जुन्या कौलारू घराला थेट पत्रा किंवा स्लॅब टाकण्याकडे कल असतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरूत १८६५ मध्ये सुरू झाला आणि पुढे ही कौले कोकणभर पसरली. चौरस मीटरला साधारण १५ कौले बसतात. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे कौल अजून कामाचे; बद्द वाजले तर तडा गेलेला समजावा. बऱ्याचदा कौलांच्या आधी खालच्या रिपा आणि वाशांची टोके कुजतात. तेवढे लाकूड बदलून तीच कौले पुन्हा चढवली, तर छताच्या खर्चातला मोठा भाग वाचतो. दारे-चौकटी जुन्या सागाच्या असतील तर रंधा मारून पुन्हा वापराव्यात, तशा लाकडाला आज बरेच पैसे मोजावे लागतात.

मातीच्या किंवा दगडी भिंतींवर स्लॅब टाकायचाच असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवावे. त्याची फी वाचवणे ही बचत नव्हे. माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येणाऱ्या गावांत बांधकामाचे निर्बंध वेगळे आहेत, तिथे वाढीव काम करण्याआधी परवानगीची चौकशी करावी.

हात कुठे आखडू नये

जे फरशीखाली आणि प्लास्टरआड जाते, तिथे. नळाचे पाइप, वायरिंग, अर्थिंग, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग. फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून किमान २४ तास ठेवावे. खालचे छत कोरडे राहिले तरच पुढचे काम. नंतर गळती निघाली तर फरशीही फोडावी लागते. वरच्या फरशीत मात्र साधी निवड चालते. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १२० चौरस फूट आणि तुटफुटीसाठी १० टक्के जादा, असा हिशेब धरावा. चार-पाच फरश्या माळ्यावर ठेवाव्यात, पुढे तीच डिझाइन मिळेलच असे नाही.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्या-पाड्यांवर प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेव्हा ते काम आधीच उरकलेले बरे. शनिवार-रविवारच्या बंगल्यांची कामेही याच भागात चालतात, त्यामुळे चांगला गवंडी पावसाच्या तोंडावर मिळणे कठीण.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३०० रुपये धरली, तर गोणी ३८४ ऐवजी ३५४ रुपयांना पडते. कंत्राटदाराचे कोटेशन जुन्या दराचे नाही ना, हे पाहावे. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल, तर स्वतः राहत असलेल्या घरावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या प्रणालीत नाही.

शेवटचा हप्ता

मजुरीचा दर, सामानाचा ब्रँड, मापाची पद्धत हे कागदावर हवे. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि छताच्या किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या कामात थोडी रक्कम मागे ठेवावी. ती द्यायची कधी, हेही आधीच लिहून घ्यावे : जूनमधल्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर, घर कोरडे राहिले तर.